पुण्याच्या पेठांमधली रस्तारुंदी आधी थांबवा, वाड्यांचं नंतर बोलू

बोळातला

गेल्या महिन्यात आमच्या बोळातला आणखी एक वाडा उतरवला. त्यावरून मित्रमंडळींत नेहमीसारखे दोन तट पडले. एकाचं म्हणणं, वाडे जपा. दुसऱ्याचं म्हणणं, पडकी घरं जपून काय करायचंय? मला वाटतं, खरा घाव कुठे बसतोय ते दोघांनाही दिसत नाही. म्हणून हा धागा.

पेठेतलं घर रस्त्याला चिकटून उभं असतं. ओटा, त्यावर दिंडी दरवाजा, वर माडीची खिडकी. शेजारच्याची भिंत आपल्या भिंतीला लागून. अशी दोन्ही बाजूंची घरं एका रेषेत असली की बोळ तयार होतो, आणि चार कोपरे घट्ट असले की चौक. वाडा पाडून इमारत बांधताना मात्र पुढची जागा रस्तारुंदीसाठी सोडायला लावतात. मग ते एक घर मागे जातं आणि शेजारची जागच्या जागी राहतात.

परवा मुद्दाम आमच्या बोळात घरं मोजत चाललो. शंभर पावलांत तेरा घरं, त्यातली पाच मागे सरकलेली. त्या पाच मोकळ्या जागांत काय आहे? तीन ठिकाणी दुचाक्या, एका ठिकाणी विजेची पेटी, एका ठिकाणी बांधकामाची उरलेली खडी. रस्ता एका इंचानेही रुंद झालेला नाही, कारण त्यासाठी सगळी घरं सलग मागे जायला हवीत आणि तसं माझ्या उभ्या आयुष्यात घडलेलं नाही. दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो आता बोळ.

तुळशीबागेच्या गर्दीतून, दुकानांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने मंडईकडे निघा. खांद्याला खांदा लागतो, वर ताडपत्र्या असतात, आणि एकदम आभाळ मोकळं होऊन समोर मंडईची अष्टकोनी दगडी इमारत उभी राहते. मी हजार वेळा गेलो असेन, आजही तिथे पाय क्षणभर थांबतात. ती जागा मोठी वाटते, कारण आपण अरुंदातून आलेलो असतो. अलीकडची वाट रुंद केलीत तर मंडईला हात न लावताही मंडई गेली.

माझी मागणी एवढीच: जुन्या पेठांत नवी इमारत मूळ रेषेवरच बांधू द्या. मजले, साहित्य, लिफ्ट यावर नंतर भांडू.

कसब्यातली मालकीण

पूर्ण असहमत, आणि थोडी चिडूनच लिहितेय.

आमचा वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो. संरक्षित स्मारकांच्या १९५८च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, त्यानुसार पहिल्या शंभर मीटरांत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगी घेऊनच. डागडुजी करता येते, तीसुद्धा परवानगीनेच. आमचा अर्ज अडीच वर्षं पडून आहे. म्हणजे तुम्ही म्हणता त्या मूळ रेषेवर आमचं घर अगदी पक्कं आहे. रेषेवर उभ्या उभ्या ते पडतंय.

सात भाडेकरू आहेत. सगळ्यात जास्त भाडं देणारं बिऱ्हाड महिन्याला एकशे दहा रुपये देतं. त्यांना दोष देत नाही, पिढ्यान् पिढ्यांची माणसं आहेत, पण त्या पैशात एक कौलसुद्धा बदलून होत नाही. २०१९च्या पावसाळ्यात मागच्या सोप्याची भिंत बसली. तुळईचं टोक भिंतीत जातं तिथे पाणी मुरलं होतं. बाहेरून तेलरंग शाबूत, आणि बोट लावलं तर आत नुसता भुसा. त्या तुळईखाली माझी सासू झोपायची. त्या रात्री नणंदेकडे गेली होती म्हणून वाचली.

चार बिऱ्हाडांत एक संडास आहे. तो वारसा कोणाला हवाय?

नारायण पेठ, आता कोथरूड

मालकीणबाईंना पूर्ण पाठिंबा. माझा अनुभव रस्त्याचाच आहे. वडिलांना झटका आला तेव्हा रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशी थांबली. मी आणि शेजारच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. दीडशे फूट असतील, पण ते अंतर मी विसरणार नाही. वडील वाचले, आणि पुढच्याच वर्षी आम्ही पेठ सोडली. आग लागली तर बंब कुठून येणार? पालखी आणि घोडा जाईल एवढे रस्ते केले होते. आज माणसं वेगळ्या कारणांनी मरतात.

बोळातला

तुमच्या वडिलांबद्दल वाचून खरंच वाईट वाटलं. पण त्या दिवशी रुग्णवाहिका का अडली ते आठवून बघा. आमचा बोळ साडेअकरा फूट आहे, मोजलाय. रुग्णवाहिका साधारण साडेसहा फूट रुंद असते. अडचण दोन्ही बाजूंना लावलेल्या गाड्यांची आहे. रुंदीसाठी सोडलेल्या जागेतही गाड्याच येऊन बसतात, मग बोळ वीस फुटी झाला तरी वाट तेवढीच. सप्टेंबर २०२४पासून मेट्रो जमिनीखालून कसबा पेठ आणि मंडईला थांबते. आता तरी बोळातल्या गाड्या हलवण्याचं धाडस करायला हवं. लक्ष्मी रस्त्याच्या एका टप्प्यावर ११ डिसेंबरला पादचारी दिन करतात, त्या दिवशी बाजार बुडत नाही.

मालकीणबाई, तुमच्या शंभर मीटरच्या कायद्याचा विचार मी केलाच नव्हता. शनिवारवाड्याचं बांधकाम १७३०ला सुरू झालं, कसबा त्याच्या कितीतरी आधीचा. जुन्या वस्तीला नव्या वाड्यापायी खिळवून ठेवायचं, हे मलाही पटत नाही. त्या हद्दीतल्या घरांना होतं त्याच जागी, होतं त्याच उंचीचं घर नव्याने बांधायची मुभा हवी.

मठार

तांबट आळीतून लिहितोय. तुम्ही सगळे भिंतींबद्दल बोलताय. आमच्याकडे सकाळी ठोक्यांचा आवाज सुरू होतो. तांब्याच्या भांड्यावर एकाला लागून एक ठोका घालत जायचा, त्याला मठारणं म्हणतात. माझे काका आवाजावरून सांगायचे, पत्रा कुठे पातळ होतोय. हे काम तळमजल्यावर, रस्त्याच्या कडेलाच होतं. भट्टी असते, उजेड लागतो, आणि जाणारा येणारा बघतो त्यातूनच गिऱ्हाईक येतं.

नवी इमारत मूळ रेषेवर बांधली काय आणि मागे बांधली काय, तळमजल्यावर पार्किंग येणार. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये कोणी भट्टी लावू देणार आहे का? तुमची रेषा वाचेल आणि आळी मरेल. मला वाटतं, पहिली अट तळमजल्याची हवी: जिथे कारखाना होता तिथे कारखान्याची जागा राहिलीच पाहिजे.

बुधवारातला मास्तर

मंडईचं एवढं कौतुक वाचलं म्हणून एक आठवण करून देतो. ती इमारत १८८६ची. तिच्या खर्चाला जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. आज मंडईला त्यांचंच नाव आहे.

आणि ज्या भिडे वाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ला मुलींची शाळा काढली, त्याचं काय झालं? वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले, वाडा खचत गेला, आणि डिसेंबर २०२३मध्ये तो पाडला. तिथे स्मारक होणार, होऊ दे. पण मी दरवर्षी सातवीच्या मुलींना तिथे नेत असे. रस्त्यावरून पडक्या माडीकडे बोट दाखवून सांगायचो, इथे. शेवटच्या खेपेला एकीने विचारलं, "सर, त्या मुली कुठल्या जिन्याने वर जायच्या?" जिना तेव्हाच राहिला नव्हता. असे प्रश्न स्मारकासमोर उभं राहून पडतील का, मला शंका आहे. तेव्हा नुसत्या रेषेवर माझं समाधान नाही. काही घरं आहेत तशीच उभी राहायला हवीत, आणि मालकाच्या खिशातून नव्हे, सरकारी खर्चाने.

पणजीहून

आमच्या फोंतेन्यासचं उदाहरण लोक हटकून देतात, म्हणून लिहिते. अरुंद गल्ल्या, पिवळी-निळी घरं, १८१८चं सेंट सेबॅस्टियन चॅपेल, सगळं जपलंय. आता सकाळी सात वाजता दार उघडावं तर पायरीवर कोणीतरी फोटोसाठी बसलेलं. लोकांनी फोटो काढू नका अशा पाट्या लावल्यात. तरीही मी बोळातला यांच्याच बाजूने. त्रास आहे, पण गल्ली गल्लीच राहिलीय, आणि समोरच्या खिडकीतल्या बाईंशी मी आवाज न चढवता बोलू शकते.

नारायण पेठ, आता कोथरूड

फोंतेन्यासमध्ये पाच मजल्यांची मागणी नाही. इथे आहे. मालकाला पैसे मिळाले नाहीत तर तो दुरुस्ती करणार नाही, आणि मजले चढले की तेवढ्या माणसांना तेवढा रस्ता लागणार. हे गणित टाळून चालणार नाही.

बोळातला

टाळत नाही. वर चढवता न येणारे मजले टीडीआर म्हणून, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता येणारा बांधकामाचा हक्क म्हणून, मालकाला विकू द्या, वारसा इमारतींना ती सोय आहेच. ती अख्ख्या बोळाला मिळावी. मास्तर आणि मठार, दोघांचंही मान्य. तळमजल्याचा मुद्दा तर माझ्या मूळ मागणीत यायला हवा होता.

कसब्यातली मालकीण

टीडीआर मिळेल तेव्हा मिळेल. पुढचा सोपा उतरवायची नोटीस आली आहे, पावसाळ्याआधी उतरवणार. चार सागवानी खांब आहेत, वर केळफुलाचं कोरीव काम. ते घ्यायला एक गृहस्थ दोनदा येऊन गेले, शेतघराला लावणार म्हणे. इसार अजून घेतलेला नाही. दिराचं म्हणणं, देऊन टाकू.

बोळातला

इसार घेण्याआधी एकदा सोप्याची मापं घेऊ द्याल का? खांबांमधली अंतरं, ओट्याची उंची, रस्त्यापासून दाराची रेषा. उद्या परवानगी आलीच तर निदान काय होतं ते कागदावर असेल.

मठार

मीही येतो. कड्या-बिजागऱ्या कशाच्या आहेत ते बघून सांगेन. भंगारात टाकू नका.

कसब्यातली मालकीण

रविवारी दहानंतर या, त्याआधी नळाला पाणी असतं आणि चौकात कपडे धुणं चालू असतं. टेप तुम्ही आणा. शिडी आमच्याकडे आहे, पण तिची खालची पायरी निखळली आहे, जपून.