छोट्या गाडीला मागे टो-हुक, पुढे गार्ड : लावावे की काढावे?

घाटवाट

सोसायटीच्या पार्किंगमध्ये अल्टो, वॅगन आर, टियागो, क्विड रांगेने उभ्या असतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या मागच्या बंपरखालून टो-हुक, म्हणजे ट्रेलर जोडायचा गोळा असलेला लोखंडी हुक, डोकावतो आणि त्या हुकाला आयुष्यात कधी ट्रेलर लागत नाही. नवी गाडी घेतली की सीट कव्हर, मॅट, हुक, गार्ड हे सगळं एकाच फेरीत उरकून टाकायचं, अशी पद्धतच पडली आहे. दुकानदार सांगतो, "मागून कोणी टेकवलं तर बंपर वाचेल." मला हे पटत नाही. छोट्या गाडीला शोभेसाठी किंवा संरक्षणासाठी टो-हुक लावू नये, पुढचा गार्ड, म्हणजे बंपरवर बसवायच्या लोखंडी नळ्या, तर मुळीच नको, आणि आधीच लावला असेल तर काढून टाकावा.

बंपर म्हणजे नुसतं वरचं प्लास्टिक नव्हे. पुढच्या बाजूला त्याच्यामागे आडवा लोखंडी बीम असतो आणि बीमच्या दोन्ही टोकांना चेपले जाण्यासाठीच बनवलेले भाग असतात. धक्का बसला की हे सगळं क्रमाक्रमाने चेपतं, त्यात वेळ जातो, आणि आतल्या माणसाला बसणारा झटका कमी होतो. गार्ड किंवा हुक थेट चासीच्या पट्टीला बोल्टने आवळला की धक्का मधले हे टप्पे ओलांडून सरळ सांगाड्यात जातो.

ओळखीच्या गॅरेजमध्ये अशी एक हॅचबॅक आली होती. सिग्नलला मागून टेम्पो टेकला होता. बंपरवर जेमतेम ओरखडा, मालक खूश. मिस्त्रीने डिकीतलं कार्पेट उचललं तर स्टेपनीच्या खळग्याशेजारचा पत्रा सुरकुतलेला, जोडावरचं सीलंट तडकलेलं, आणि डिकीच्या दाराची फट डावीकडे करंगळी जाईल एवढी, तर उजवीकडे दार पत्र्याला घासतंय. बंपर बदलून भागलं असतं तिथे डेंटिंगचं मोठं काम निघालं.

पुढच्या गार्डचं तर त्याहून गंभीर आहे. एअरबॅग कधी उघडायची हे गाडीचा वेग किती झपाट्याने उतरतोय यावरून ठरतं आणि ते गणित कंपनीने मूळ बंपर धरून बसवलेलं असतं. गार्ड लावला की ते बिघडतं. एअरबॅग उशिरा उघडू शकते किंवा नको तेव्हा उघडू शकते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवून क्रॅश गार्ड आणि बुल बार, म्हणजे हेच पुढचे गार्ड, हे गाडीतल्या फेरबदलांना मनाई करणाऱ्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं उल्लंघन असल्याचं कळवलं, ते रस्त्याने चालणाऱ्यांना आणि गाडीतल्यांना असलेल्या धोक्यामुळेच. तरीही दुकानात गार्ड टांगलेले दिसतात.

मतं येऊ द्या. विरोधी असली तरी कारणांसकट.

नानापेठकर

पुढच्या गार्डबद्दल सहमत. हुकाबद्दल अजिबात नाही.

तुम्ही टेम्पोच्या धडकेचं उदाहरण दिलंत. पण पुण्यात छोट्या गाडीला रोज काय होतं? पार्किंगमध्ये स्कूटर टेकते, रिक्षा रिव्हर्स घेताना घासते, शेजारचे काका अंदाजाने गाडी लावतात. दर वेळी बंपर काढा, लांबी भरा, रंगवा, तीन-चार हजार जातात. इन्शुरन्समधून घ्यायचं म्हटलं तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, जाते. तो बोनस पहिल्या वर्षी २० टक्क्यांपासून वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो, आणि एवढ्याशा ओरखड्यासाठी तो घालवायला कोण तयार होईल? त्यापेक्षा हजार-दीड हजाराचा हुक स्वस्त पडतो. मोठी धडक आयुष्यात एखादी, छोटे धक्के रोजचे. माणूस रोजचा हिशोब करणारच.

कायद्याचंही पूर्ण सांगा. कलम ५२ खालीच स्पष्टीकरण दिलंय, की फेरबदल म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्याने त्याचं मूळ स्वरूप बदलतं. दोन बोल्टच्या हुकाने वॅगन आरचं मूळ स्वरूप बदललं असं कोणी म्हणेल का? मंत्रालयाचं पत्रही गार्ड आणि बुल बारबद्दल आहे, हुकाचा त्यात उल्लेख नाही.

घाटवाट

@नानापेठकर, त्या स्पष्टीकरणाचा मुद्दा तुम्ही बरोबर काढलात. पण त्याच्या भरवशावर राहू नका. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात सांगितलं की कंपनीने नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं. परवानगी नसलेला सुटा भाग बसवून गाडीत फेरबदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हुक त्यात बसतो की नाही हे रस्त्यात उभं राहून अधिकाऱ्याशी भांडून ठरवायची माझी तयारी नाही.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी त्या रोजच्या धक्क्यात दुसऱ्या बाजूला कोण असतं? स्कूटरवाला. हुकाचा गोळा बरोबर त्याच्या नडगीच्या उंचीला येतो. प्लास्टिकचा बंपर दबला असता, तिथे लोखंड लागतं. तुमचे चार हजार वाचतात ते त्याच्या हाडाच्या जिवावर. अरुंद पार्किंगमध्ये दोन गाड्यांमधून जाताना त्या हुकावर पाय आपटलेला नाही असा माणूस आमच्या बिल्डिंगमध्ये तरी सापडणार नाही.

नानापेठकर

नडगीचा मुद्दा मान्य करतो, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. हुकावर रबरी टोपी लावतात, पण ती महिनाभर टिकते. खर्चाच्या बाबतीत माझं मत तेच आहे.

निफाडचा बागाईतदार

तुमची सगळी चर्चा शहरातल्या पार्किंगची चालली आहे. आमच्याकडे हुक शोभेला नसतो.

पावसाळ्यात पाणंद रस्त्याने मळ्यातून बाहेर पडताना गाडी फसली की ट्रॅक्टर बोलवायचा आणि ओढायचं. कंपनीने दिलेली ओढायची कडी बंपरच्या खाली कुठेतरी असते. गाडी पोटापर्यंत काळ्या चिखलात रुतल्यावर तिथे हात घालून दोर बांधून दाखवा. पुढची कडी तर टूल किटमध्ये सुटी मिळते, ती स्क्रूसारखी फिरवून बसवायची, आणि तिचं भोक चिखलाने बुजलेलं. त्यापेक्षा बाहेर आलेला हुक असला की अंधारात नुसता हात लावून दोर अडकवता येतो.

दुसरं, द्राक्षाच्या हंगामात माझ्या जुन्या वॅगन आरला मी छोटा दोन चाकी ट्रेलर लावतो. बागेतून शेडपर्यंत क्रेट न्यायचे, अंतर एक किलोमीटरही नाही. एवढ्यासाठी ट्रॅक्टर अडकवून ठेवणं परवडत नाही, तो फवारणीत असतो. गावातल्या फॅब्रिकेटरकडून दोन्ही बाजूच्या चासीला धरून आठ एमएमची प्लेट घालून हुक करून घेतलाय. शहरातल्या दुकानातला पातळ पट्टीचा नाही. गाडी माझी, रस्ताही बहुतेक माझ्याच शेतातला. यात वाईट काय ते सांगा.

मिस्त्रीकाम

गॅरेज चालवतो म्हणून लिहितो. इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली चालल्या आहेत. फसलेली गाडी बाहेर काढायला ओढणं वेगळं आणि स्वतः ओझं ओढत चालणं वेगळं. पहिल्यासाठी पक्की कडी हवीच, निफाडकर दादांचं त्यात काही चूक नाही. दुसऱ्याबद्दल मात्र ऐका.

वॅगन आरचं स्वतःचं वजन साधारण ८०० किलोंच्या घरात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी. ट्रेलरच्या दांडीचं वजन मागच्या ॲक्सलच्याही मागे पडतं, तराजूसारखं. समजा गोळ्यावर ५० किलो आले आणि गोळा ॲक्सलपासून ७० सेंटिमीटर मागे आहे. वॅगन आरच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २४३.५ सेंटिमीटर, म्हणजे पुढच्या चाकांवरून साधारण १४ किलो उचलले गेले आणि मागे ६४ वाढले. कोरड्या रस्त्यावर जाणवणार नाही. ओल्या चढावर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागतील, क्लच जळेल. आणि उतारावर? ट्रेलरला ब्रेक नाही. त्याचं सगळं ओझं गाडीच्याच ब्रेकवर, आणि मागे तर ड्रम ब्रेक.

आणखी एक, जे कोणी बोलत नाही: भोकं. चासीत ड्रिल मारलं की तिथला रंग आणि गंजरोधक थर गेला. कडांना प्रायमर न लावता बोल्ट आवळतात. बोल्टभोवती पाणी साचून राहतं आणि बाहेरून काही दिसत नाही. कोकणातून येणाऱ्या गाड्यांचे असे हुक मी हाताने हलवून पाहिलेत, पत्र्यासकट हलतात. अशा हुकाला दोर लावून ट्रॅक्टरने झटका दिला तर हुक सुटून काचेतून आत येईल. दादा, तुमच्या प्लेटच्या आतल्या बाजूने पाठबळाची पट्टी आहे का, की नुसता वॉशर आहे? आणि ट्रेलरचे दिवे कशाला जोडलेत? टेललॅम्पच्या वायरी सोलून जोडल्या असतील तर ती टेप आधी बदला. गाडीला आग लागली आणि वायरिंग कापलेली सापडली तर क्लेम अडतो. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिक वस्तू पॉलिसीत नोंदवता येतात, विम्याच्या आयएमटी २४ या जोडकलमाखाली, वस्तूच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा हप्ता भरून. गिऱ्हाईक ते विचारतच नाही.

हेडलाइटला १००/९० वॅटचे बल्ब लावणाऱ्यांनाही हेच सांगतो. मूळ बल्ब ६०/५५ वॅटचे. शंभरचे दोन लावले की १२ व्होल्टला सोळा अँपिअरच्या वर करंट जातो. रिले (जादा करंट वेगळ्या वायरीने नेणारा स्विच) न टाकता मूळ वायरीवर तो चालवला की स्विच आणि होल्डर वितळतात. मूळ विषय हुकाचा आहे, पण रोग एकच.

लेस्टरहून

इथे इंग्लंडमध्ये छोट्या गाडीला टोबार, म्हणजे टो-हुकच, लावणं अगदी सर्रास आहे, त्यामुळे "हुक वाईट" हे सरसकट म्हणणं पटत नाही. फरक असा की इथे तो गाडीच्या मॉडेलसाठी मंजूर झालेला असावा लागतो. १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदणी झालेल्या गाड्यांना हा नियम आहे. कंपनीने आधीच ठरवलेल्या बिंदूंवरच तो बसतो, नवं भोक पाडायचं नाही. गाडीवरच्या प्लेटवर ट्रेलरसकट एकूण वजनाची मर्यादा लिहिलेली असते. तो आकडा नसेल किंवा शून्य असेल तर त्या गाडीने काहीही ओढायचं नाही, आणि काही छोट्या गाड्यांचं तसंच असतं. ब्रेक नसलेला ट्रेलर जास्तीत जास्त ७५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या निम्मा, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे ८०० किलोच्या गाडीला ४०० किलो, तेही कंपनीची मर्यादा त्याहून कमी नसेल तर.

भारतात लोकांना हुक हवा आहे हे उघड आहे. मग कंपन्यांनी मॅन्युअलमध्ये आकडा द्यावा आणि स्वतःचा हुक विकावा. बंदी आणि दुर्लक्ष यांच्यामध्ये हा रस्ता आहे.

सायकलवेडी

मला ट्रेलर ओढायचा नाही. ताम्हिणीत सायकली घेऊन जायचंय, दोन सायकली, टियागो. हुकावर बसणारं कॅरिअर घेऊ, डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचं घेऊ, की टपावरचं?

मिस्त्रीकाम

ताई, टपावरचं. मॅन्युअलमध्ये टपावर किती वजन चालतं ते दिलेलं असतं, त्यात कॅरिअरचं वजनही धरा. डिकीला बांधायचं कॅरिअर नंबर प्लेट आणि टेललॅम्प झाकतं, पोलीस अडवणारच, आणि पट्ट्यांचे हुक डिकीच्या कडेचा रंग खातात. हुकावरचं कॅरिअर इथल्या बाजारातल्या हुकावर मी बसवून देणार नाही. दोन सायकली आणि कॅरिअर मिळून पन्नासेक किलो, खड्ड्यात उसळी बसली की तेच ओझं कितीतरी पटीने जाणवतं.

घाटवाट

@लेस्टरहून, ही मागणी मला पूर्ण मान्य आहे. माझा विरोध आहे तो दुकानात उभ्या उभ्या भोकं पाडून आवळलेल्या लोखंडाला. कंपनीने चाचणी करून दिलेला हुक असेल तर मी स्वतः त्याची शिफारस करीन. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही धडक-चाचणी योजना सुरू झाली, तीत आपल्याच गाड्यांना सुरक्षेचे तारे मिळतात आणि लोक ते तारे पाहून गाडी घेतात. ते तारे मूळ गाडीचे असतात, गार्ड आणि हुक लावलेल्या गाडीचे नव्हेत.

सीट कव्हरचंही कोणीतरी लिहायला हवं होतं. २०२५ मध्ये मारुतीने अल्टो के१०, वॅगन आर, सेलेरियो यांना सहा एअरबॅग सरसकट दिल्या. त्यातल्या दोन एअरबॅग पुढच्या सीटच्या कुशीत असतात. तिथे एअरबॅग लिहिलेला छोटा टॅग शिवलेला असतो. दुकानदार त्यावर जाड रेक्झिनचं कव्हर ताणून बसवतो, टॅग दिसेनासा होतो आणि एअरबॅगची वाट अडते. कव्हर घ्यायचंच तर त्या जागी उघडं किंवा सहज उसवणारं घ्या.

निफाडचा बागाईतदार

@मिस्त्रीकाम, आज संध्याकाळी गाडीखाली घुसून पाहिलं. डाव्या बाजूला पट्टी आहे, उजव्या बाजूला नुसता वॉशर. फॅब्रिकेटरकडे उद्याच नेतो. दिव्यांच्या वायरी टेपनेच जोडल्यात, तेही काढतो. दिवसाउजेडी शेतातच चालतो, तर दिवे नकोतच.

ट्रेलर मात्र बंद करणार नाही. चढ नाही, रहदारी नाही, वेग पायी चालण्याएवढा. डांबरी रस्त्यावर तो कधी आणणार नाही हे लिहून देतो. गोळा पिन काढून सुटा करता येईल असा बनवतात का? नाशिकला जाताना काढून डिकीत टाकला तर घाटवाट साहेबांच्या नडगीचा प्रश्नही मिटतो.

मिस्त्रीकाम

बनवतात. चौकोनी पाइपात सरकणारा करून घ्या, आडवी पिन आणि तिला क्लिप. पाइप बंपरच्या कडेच्या आत राहील असं माप घ्या. बोल्ट ८.८ ग्रेडचे घ्या, डोक्यावर आकडा कोरलेला असतो, तो पाहूनच. भोकांना आधी प्रायमर. आणि रिव्हर्सचा सेन्सर असेल तर गोळा काढल्यावर एकदा गाडी मागे घेऊन पाहा, पाइपाचं तोंड बाहेर राहिलं तर तो सारखा बोंबलत बसतो.