जपानी आवाजांचे शब्द लक्षात कसे ठेवायचे?

चहाबाज: एनफोरची (जपानी भाषेच्या परीक्षेची एक पातळी) तयारी चालूय, व्याकरण कसंबसं जमतं पण हे दोकीदोकी, गोरोगोरो, पेकोपेको वगैरे डोक्यात राहतच नाहीत, सगळे सारखेच वाटतात. काही ट्रिक आहे का?

रातकिडा: अरे आपण मराठी लोकांनी तरी घाबरू नये राव! पाऊस धो धो पडतो, तिकडे आमे गा झाआझाआ फुरु, वाक्याची रचनासुद्धा तीच. पोत्सुपोत्सु म्हणजे थेंब थेंब सुरू झाला, शितोशितो म्हणजे आपली रिपरिप, फक्त त्यात आपल्यासारखी कटकट नाही, शांतपणे पडणारा पाऊस. दोकीदोकी म्हणजे छातीत धडधड, झालं.

आणि ट्रिक म्हणशील तर पहिलं अक्षर बघ. कोरोकोरो म्हणजे गोटीसारखं हलकं काहीतरी घरंगळतं, तेच गोरोगोरो केलं की मोठा धोंडा, किंवा ढगांचा गडगडाट. तोनतोन म्हणजे दारावर टकटक, दोनदोन म्हणजे दार बडवणं. क चा ग, त चा द झाला की आवाज जड.

वरणभात: माझा लाडका शब्द चिन. मायक्रोवेव्ह झाल्यावर टिंग वाजतं ना, त्यावरून चिन सुरु (जपानीत सुरु म्हणजे करणं) म्हणजे मायक्रोवेव्हमधे गरम करणं 😄

चहाबाज: भारी! पण पेकोपेकोत कुठला आवाज?

रातकिडा: तो आवाज नाहीच, भुकेने पोट खपाटीला गेल्याची अवस्था. आवाजाचे ते गिओंगो, अवस्थेचे गिताइगो. आपलं लुकलुक, चकचक तरी कुठे ऐकू येतं?