अझुरियसची अंडी दुधाळ पडतायत, पिल्लांचे पुढचे पाय बारीक निघतायत

ओलमाती (आइंडहोवन)
अझुरियसची, म्हणजे टिंक्टोरियस या डार्ट फ्रॉगच्या (रंगीत विषारी बेडकाच्या) निळ्या प्रकाराची जोडी आहे. टेरॅरियम (त्यांची काचेची पेटी) दिवसा २३ अंश, रात्री २०. करवंटीखालच्या पेट्री डिशमध्ये पाच अंडी घातली आहेत. चौथ्या दिवशी त्यातली दोन दुधाळ झाली आणि एकावर पांढरी लव दिसतेय. उरलेली तीन काळीभोर आहेत. खराब अंडी कापून वेगळी करायची का? डिशमध्ये पाणी किती हवं? शिवाय आधीच्या खेपेतल्या दोन पिल्लांचे पुढचे पाय अगदी बारीक निघाले, अंगाचा भार पेलेना. हे पाण्यामुळे होतं का? नळाचंच पाणी वापरते.

दगडफूल
बुरशीने अंडं मारलं असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा क्रम उलटा असतो. अंडं फलित नसतं किंवा गर्भ आधीच मेलेला असतो, बुरशी मागाहून येते. शेजारच्या जिवंत अंड्याच्या जेलीत ती सहसा शिरत नाही. त्यामुळे दुधाळ अंडं कडेला असेल आणि चमच्याच्या टोकाने अलगद सुटत असेल तर काढा. मधोमध चिकटलेलं असेल तर हात लावू नका. कापाकापीत चांगल्या अंड्याची जेली फाटते आणि तेही जातं. फारच लव वाढली तर पाण्याला जेमतेम निळसर छटा येईल एवढं मेथिलिन ब्लू (बुरशी रोखणारा निळा रंग) टाका. शाईसारखं गडद नको.

डिश बाहेर काढून झाकण लावा. पाणी १ ते २ मिलिमीटर, जेलीच्या बुडाला लागेल इतकंच. अंडी बुडवायची नाहीत, गर्भाला हवा जेलीतूनच मिळते. उलटीपालटी करू नका. पाचव्या दिवसाच्या सुमारास टॉर्च धरून पाहा: काळा गोळा लांबट झालेला असतो आणि पाठीवर चीर दिसते. पुढे शेपूट येते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले येतात. हे कल्ले दिसले की गर्भ जिवंत आहे याबद्दल शंका उरत नाही.

२३ अंशांना साधारण दोन आठवड्यांत पिल्लं फुटतात. जेली ढिली पडून पिल्लू सरळ होतं. त्याला ओढून काढायचा मोह टाळा. थोडं पाणी वाढवा आणि बाहेरचे कल्ले जिरेपर्यंत दिवस-दोन दिवस डिशमध्येच राहू द्या.

पागोळी (न्यू जर्सी)
पुढचं मी सांगते. प्रत्येक टॅडपोलला (बेडकाच्या शेपटीवाल्या पिल्लाला) वेगळा कप. टिंक्टोरियसची पिल्लं एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात, मोठं लहानाला खातं. अर्ध्या लिटरचा प्लास्टिकचा कप, पाणी ५-६ सेंटिमीटर, जावा मॉस या पाण्यातल्या शेवाळीचा झुबका आणि देशी बदामाच्या पानाचा तुकडा. चार लिटर पाण्यात एक मोठं पान दहा मिनिटं उकळून गार केलं की कोऱ्या चहाच्या रंगाचं पाणी होतं, तेच कपात भरा. कपातलं आणि डिशमधलं पाणी एकाच तापमानाचं हवं.

नेदरलँड्समध्ये नळाच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतं, तुमचं निभावेल. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचं संयुग) असतं आणि ते पाणी रात्रभर उघडं ठेवून जात नाही, ते निकामी करणारा कंडिशनर घालावाच लागतो. नुसतं आरओचं पाणीही टॅडपोलना नको, त्यात क्षार जवळजवळ नसतात. अंड्यांवर फवारायला चालेल.

पहिले दोन दिवस खायला काही नाही, पोटात बलक असतो. मग स्पिरुलिना आणि क्लोरेला (शैवालाच्या पावडरी) सारख्या प्रमाणात मिसळून खसखशीच्या दाण्याएवढी चिमूट, आठवड्यातून दोन-तीनदा. मोठी झाली की अधूनमधून माशांच्या फ्लेकचा चुरा. दुसऱ्या दिवशी तळाला खाणं उरलं असेल तर ड्रॉपरने ओढून घ्या आणि पुढच्या वेळी निम्मं द्या. टॅडपोल उपाशी क्वचितच मरतात. मरतात ते उरलेल्या खाण्यातून झालेल्या अमोनियाने. आठवड्याला अर्धं पाणी बदला.

दगडफूल
पाणी बदलण्याबाबत माझं मत वेगळं आहे. कपात मॉस जोमात असेल आणि खाणं खरंच कमी असेल तर नुसती उडून गेलेल्या पाण्याची भर घातली तरी चालतं. पण वास आला किंवा पृष्ठभागावर तवंग धरला तर वाट पाहू नका. पाणी बदलायचंच, आणि एकदम सगळं नाही.

ओलमाती
आणि पायांचं?

पागोळी
ते एकाच कारणावर ढकलता येत नाही. पण लागोपाठच्या खेपांत दिसत असेल तर मी आधी आईबापांचा आहार पाहीन, कपातलं पाणी नंतर. बलकात जे उतरतं ते मादीच्या खाण्यातून. फळमाश्यांना कॅल्शियम-डी३ची पावडर लावताच असाल, पण व्हिटॅमिन ए कोणत्या रूपात आहे ते डब्यावर वाचा. फक्त बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीराला व्हिटॅमिन ए बनवावं लागतं) असेल तर त्यावर भिस्त नको, रेटिनॉल, म्हणजे तयार व्हिटॅमिन ए हवं. तसली पावडर महिन्यातून एक-दोनदा पुरे, रोज दिली तर अतिरेकाचा त्रास. डबा उघडून सहा महिने झाले की नवा आणा. शिवाय मादी दर आठवड्याला अंडी घालत असेल तर महिना-दोन महिने डिश आणि करवंटी काढून टाका, फवारणी थोडी कमी करा. तिला दम खाऊ दे.

उष्णतेकडेही लक्ष ठेवा. २६ अंशांच्या वर वाढ भराभर होते, पण बेडूक लहान आणि अशक्त निघतात.

शेवाळ (पुणे)
पुमिलिओची (दुसऱ्या एका डार्ट फ्रॉगची) अंडीही अशीच बाहेर काढायची का? आणि भारतात याला परवानगी लागते का?

दगडफूल
नाही, पुमिलिओला हात लावू नका. मादी पिल्लांना ब्रोमेलियाड या झाडाच्या पानांच्या पाणी साचलेल्या बेचक्यात सोडते आणि स्वतःची अफलित अंडी खाऊ घालते. स्पिरुलिनावर ती वाढवण्याचे प्रयत्न सहसा फसतात.

डार्ट फ्रॉग साइटिसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहेत. भारताच्या वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावे लागतात आणि घरात झालेली पिल्लंही कळवावी लागतात. विकणारा कागदपत्रं दाखवत नसेल तर घेऊ नका.

ओलमाती, एक राहिलं. सुमारे अडीच-तीन महिन्यांनी पुढच्या पायांची कोपरं कातडीखाली फुगलेली दिसली की त्याच दिवशी कप तिरपा करा, पाणी एका टोकाला सेंटिमीटरभर, दुसऱ्या टोकाला ओला मॉस, वर झाकण. पाय निघाल्यावर पिल्लं बुडून मरू शकतात, आणि कडेवर चढून पळतातही. शेपूट जिरेपर्यंत खाणं बंद, अंगावर शेपटीचंच पोषण असतं. नंतर सुरुवातीला स्प्रिंगटेल (मातीतले बारीक किडे), मग मेलानोगास्टर (छोट्या फळमाश्या).