मदत हवी आहे: ११ लाख व्ह्यूज, रॉयल्टी शून्य. म्युझिक लेबल फसवतंय का?

वाकडा_सूर: लेबलशी करार आहे, २० टक्के माझे. गाणं येऊन दीड वर्ष झालं. स्टेटमेंटवर देय रक्कम ०. नोटीस पाठवू का? लवकर सांगा.

हिशेबनीस: ॲडव्हान्स किती? व्हिडिओचा खर्च कुणाच्या नावे?

वाकडा_सूर: ५० हजार. व्हिडिओ लेबलनेच केला, २ लाखांत. त्याचा काय संबंध?

हिशेबनीस: सगळा संबंध तिथेच. करारात 'रिकूपेबल', म्हणजे कलाकाराच्या वाट्यातून वसूल करायचा खर्च, शोधा. त्यात व्हिडिओ धरला असेल तर अडीच लाख वळते व्हायचेत, तेही एकूण कमाईतून नाही, तुमच्या २० टक्क्यांतून. म्हणजे लेबलकडे साडेबारा लाख जमेपर्यंत तुमचं खातं उणे. तोवर त्यांचा खर्च निघून वर १० लाख सुटलेले! खर्च आधी वजा करून उरलेलं वाटायचं ठरलं असतं, तर अडीच लाखांनंतरच तुमचा वाटा सुरू झाला असता.

मोकळा_गळा: म्हणून लेबल नकोच. डिस्ट्रोकिडवरून (गाणी ॲप्सवर पोचवणारी सेवा) स्वतः टाका.

हिशेबनीस: मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, लेबलचा असताना? कॉपीराइट स्ट्राइक येईल, गाणं उतरवतील.

खर्ज: चाल कुणाची? शब्द?

वाकडा_सूर: चाल माझीच, उघड आहे. शब्द मित्राचे.

खर्ज: उघड कसलं, मुद्दाच तो आहे. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकार-गीतकाराचा रॉयल्टीतला समान हिस्सा लेबलला लिहून देता येत नाही. दोघंही आयपीआरएसचे (संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी सोसायटी) सभासद व्हा, गाणं नोंदवा. तिथली नेहमीची वाटणी प्रकाशक ५०, संगीतकार २५, गीतकार २५. सोसायटी तुमचा हिस्सा तुमच्याच खात्यात टाकते, ॲडव्हान्समध्ये जिरत नाही.

मोकळा_गळा: आयपीआरएस गायकांना दमडी देत नाही.

खर्ज: गायकांसाठी इसामरा ही वेगळी सोसायटी आहे. इथे चालीचं चाललंय.

हिशेबनीस: कराराची मुदत? लिहिली नसेल तर कॉपीराइट कायद्याच्या कलम १९(५) नुसार ५ वर्षं.

वाकडा_सूर: जागा रिकामी आहे! सुटलो?

हिशेबनीस: परिशिष्ट वाचलंत?

वाकडा_सूर: त्यात 'कायमस्वरूपी, जगभर' आहे. आत्ता बघितलं.

हिशेबनीस: मग ५ वर्षं विसरा. नोटिशीआधी करारातलं ऑडिटचं (हिशेब तपासायचं) कलम बघा. स्टेटमेंटवर हरकत घ्यायला बहुधा मुदत असते. ती टळली की आकडे तुम्हाला मान्य, असं धरतात. आयएसआरसी क्रमांक (रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक) घालून प्लॅटफॉर्मनिहाय तपशील लेखी मागा.

घरचा_स्टुडिओ: गाणं ऐकलं. माइक कंडेन्सर होता का? 'स'कार फार टोचतात.