पोलिश जॅझ: 'स्लाव उदासी'पलीकडे काही आहे की नाही?

सूरमंडल
पोलिश जॅझचा विषय निघाला की 'उदास, हिवाळी, स्लाव सूर' असं म्हणून लोक मोकळे होतात. मला हे वर्णन अपुरं वाटतं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं: आजच्या पोलिश वादकांकडे स्वतःच्या घरचा ठेवा आहे आणि ते तो जपून ठेवत नाहीत, वापरतात. जॅझ शिकणारा कुठलाही असो, आधी अमेरिकन रचना घोटतो. पोलंडमध्ये त्यांच्या जोडीला पियानोवादक आणि संगीतकार क्शिश्तोफ कोमेदा असतो. हा पेशाने कान-नाक-घशाचा डॉक्टर. १९५६ च्या सोपोत महोत्सवात गाजला, दिग्दर्शक रोमान पोलान्स्कीच्या चित्रपटांना संगीत दिलं आणि १९६९ मध्ये ३७ व्या वर्षी गेला. त्याची 'अस्टिग्मॅटिक' ही तबकडी डिसेंबर १९६५ ची. तिची एक अख्खी बाजू एकाच रचनेने व्यापली आहे.

आता २०१७ कडे या. सॅक्सोफोनवादक मात्चेइ ओबाराने त्या वर्षी 'अनलव्ह्ड' काढली. तिचं नाव ज्या रचनेवरून आलं ती कोमेदाची. त्याच वर्षी व्रोत्सवाफच्या ईएबीएस या तरुण चमूने अख्खी तबकडी कोमेदावर केली, पण रचना जशीच्या तशी न वाजवता तिचा एखादा तुकडा उचलायचा, हिप-हॉपवाल्यांसारखा घोळवायचा आणि त्यावर नवं रचायचं. ओबारा श्वास रोखून वाजवतो, हे मान डोलवायला लावतात. एकच बंदिश दोन घराण्यांत ऐकावी तसं वाटतं. माझ्या लेखी वेगळेपण हे आहे.

खर्जातला
मुद्दा पटला नाही. ज्या 'अस्टिग्मॅटिक'वर तुम्ही इमारत उभी करताय, तिच्यात ड्रम्सवर स्वीडिश रूने कार्लसन आणि बेसवर जर्मन ग्युंटर लेंझ आहे. ट्रंपेटवादक तोमाश स्तान्कोने १९९७ मध्ये कोमेदावर 'लिटानिया' केली, त्यात सोबतीला बहुतेक सगळे स्कँडिनेव्हियन. ओबाराच्या चौकडीत बेस आणि ड्रम्स नॉर्वेजियनांकडे. रेकॉर्डिंग ऑस्लोत, कंपनी म्यूनिकची ईसीएम. आपण ज्याला पोलिश म्हणतोय तो उत्तर युरोपचा सूर आणि ईसीएमच्या निर्मात्याची आवड आहे. नावं झाकून ऐकवलं तर किती जणांना ओळखता येईल?

सूरमंडल
ईसीएम सुरू झाली १९६९ मध्ये. 'अस्टिग्मॅटिक' त्याआधीची आहे आणि तेवीस वर्षांच्या स्तान्कोचा तो खरखरीत, कडांवर फाटणारा ट्रंपेट तिच्यात आधीच आहे. ऑस्लोच्या स्टुडिओने त्याला मोकळी जागा दिली, सूर नाही दिला.

तालवेडा
दोघांनाही विनंती, जरा ईसीएमच्या बाहेर या. नव्वदीच्या सुरुवातीला ग्दान्स्क आणि बिद्गोश्च भागात 'यास' नावाची चळवळ झाली. साम्यवादी राजवट नुकतीच कोसळलेली, पोरं पंकवर वाढलेली, आणि वॉर्सातली मानाची जॅझ मंडळी त्यांना शिळी वाटत होती. 'मिवोश्च' या बँडमध्ये एकीकडे मिकोवाय त्शास्काचा किंचाळता सॅक्सोफोन आणि दुसरीकडे लेशेक मोज्जेरचा शास्त्रीय तालमीतला पियानो. यात कुठे आली उदासी? आज 'ब्वोतो'सारखे बँड जो जाड, घाणेरडा (चांगल्या अर्थाने!) बेस वाजवतात, त्याला ही वाट यासवाल्यांनी करून दिली असं मी मानतो.

आणि तालाचा विषय कुणी काढतच नाही. पोलंडच्या खेड्यांतले माझुरेक, ओबेरेक, कुयाव्याक हे नाच तीन मात्रांचे, आणि गावच्या वाद्यवृंदाचं पुढारपण व्हायोलिनकडे. सॅक्सोफोनवादक झ्बिग्न्येव नामिस्वोव्स्कीने सत्तरच्या दशकात हे लोकसंगीत उचललं. व्हायोलिनची परंपरा तर सैफर्ट, उर्बान्याक ते आजचा आदाम बाउदिख अशी सलग आहे. इतके जॅझ व्हायोलिनवादक एका देशातून? वेगळेपण शोधायचं तर इथे शोधा.

खर्जातला
व्हायोलिनचा मुद्दा मान्य, तो वजनदार आहे. पण यासमुळे माझंच म्हणणं पक्कं होतं. जे लोक एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हते, त्यांना आपण तीस वर्षांनी एका झेंड्याखाली उभं करतोय. 'पोलिश जॅझ' ही ओळख बरीचशी एका मालिकेने घडवली. पोल्स्कीए नाग्रान्या या सरकारी रेकॉर्ड कंपनीने १९६५ पासून याच नावाने क्रमांक घालून तबकड्या काढल्या. १९८९ पर्यंत ७६ झाल्या. क्रमांक पडले की परंपरा असल्याचा भास होतोच.

मुक्काम_व्रोत्सवाफ
इथे राहतो म्हणून लिहितो. भास म्हणू नका. ती मालिका २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि कुबा व्हिएत्सेकसारख्या नव्या दमाच्या सॅक्सोफोनवादकाची पहिली तबकडी तिच्यातच आली. कातोवित्सेच्या संगीत अकादमीत १९६८ पासून जॅझ विभाग आहे, आमच्या गावचा 'जाझ नाद ओद्रँ' महोत्सव १९६४ पासूनचा. सरकारने सुरुवात केली असेल, पण राजवट गेली तरी ऐकणारे उठून गेले नाहीत.

सूरमंडल
खर्जातला, तुमच्यासाठी एक खास तबकडी सुचवतो. स्तान्कोने ताजमहालात आणि आपल्या कार्ल्याच्या लेण्यांत एकट्याने ट्रंपेट वाजवला, ती १९८० ची. ना स्कँडिनेव्हियन साथ, ना ऑस्लो. दगडी कमानीतून सूर परत येईपर्यंत तो थांबतो आणि आलेल्या सुरावर पुढचा ठेवतो. तरी पहिल्या फुंकरीलाच माणूस ओळखू येतो.

खर्जातला
ऐकली आहे आणि फार आवडती आहे. पण ओळखू येतो तो स्तान्को, पोलंड नव्हे. माझी शिफारस त्याच्या बरोबर उलट: क्लॅरिनेटवादक वात्सवाफ झिंपेलचा 'सागरा' हा प्रकल्प. सोबतीला घटम, खंजिरा, तविल आणि कर्नाटक व्हायोलिन. ना कोमेदा, ना तीन मात्रांचा नाच. तुमची एकही कसोटी त्याला लागू पडत नाही, आणि आजच्या पोलंडमधून आलेलं इतकं ताजं संगीत मी दुसरं ऐकलेलं नाही.