माणसागणिक बिलिंगवर वाढलेला आपला आयटी उद्योग पुढची दहा वर्षं कशावर वाढणार?

(ऑनलाइन धाग्यावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

हिशेबनीस

दावा सरळ मांडतो. भारतीय आयटी सेवा उद्योगाची उलाढाल वाढत राहील, पण नव्या मुलामुलींना मिळणाऱ्या नोकऱ्या त्या प्रमाणात वाढणार नाहीत. एआय कोड लिहू लागलं हे त्याचं अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं कारण म्हणजे आपण काम माणसं मोजून विकतो.

आयटी उद्योगाची संघटना असलेल्या नॅसकॉमचे अंदाज बघा. 2021-22 मध्ये उलाढाल सुमारे 30 अब्ज डॉलरने वाढून 227 अब्जांवर गेली आणि निव्वळ साडेचार लाख माणसं वाढली. 2024-25 मध्ये ती 282.6 अब्ज झाली, म्हणजे वाढ साधारण 14 अब्जांची, आणि माणसं वाढली 1 लाख 26 हजार. एका अब्जाच्या वाढीमागे आधी 15,000 माणसं लागत होती, 2024-25 मध्ये 9,000.

एका प्रकल्पाचा हिशेब मांडतो. आकडे सोपे ठेवलेत, पण प्रमाण खरं आहे. ऑफशोअर (परदेशी ग्राहकाचं काम इथून करणारी) टीम 40 जणांची: 24 ज्युनियर, 12 मधले, 4 सीनियर. पगार, जागा, बस, बेंच (प्रकल्प नसताना पगारावर ठेवलेली माणसं) सगळं धरून माणशी वार्षिक खर्च अनुक्रमे 12, 28 आणि 60 लाख. एकूण 864 लाख. सरासरी बिलिंग ताशी 2,000 रुपये आणि वर्षाला 1,800 तास, म्हणजे माणशी 36 लाख आणि टीमचे 1,440 लाख. मार्जिन 576 लाख, 40 टक्के.

एआय साधनांमुळे 14 ज्युनियर कमी झाले. उरले 26. टाइम अँड मटेरियल (लागलेल्या तासांप्रमाणे पैसे) करारात बिल होतं 936 लाख, खर्च 696 लाख. मार्जिन 240 लाख, जेमतेम 26 टक्के. कंपनी जास्त कार्यक्षम झाली आणि तिचा नफा निम्म्याहून खाली आला. अशा करारात कुठली कंपनी आपणहून एआय आणेल? आणि नाही आणलं तर नूतनीकरणाच्या वेळी दुसरी कंपनी काम घेऊन जाईल.

बावधनकर

सहमत नाही. तीन मुद्दे.

पहिला, 2021-22 हे वर्ष तुलनेला धरू नका. कोविडनंतर मागणी एकदम वाढली, गळती पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेली आणि कंपन्यांनी बेंच भरून ठेवलं. पुढची दोन वर्षं तोच साठा जिरवण्यात गेली. तो उतार एआयच्या खात्यावर टाकणं चूक आहे.

दुसरा, सगळ्यांना एकच दर लावल्याने तुमचा निकाल फुगला आहे. रेट कार्डवर ग्रेडप्रमाणे दर असतात. ज्युनियर 1,500, मधला 2,500, सीनियर 3,500 धरा. 40 जणांची सरासरी तीच 2,000 येते. आता 14 ज्युनियर काढा. ताशी बिल 80,000 वरून 59,000 वर येतं, वर्षाचे 1,062 लाख. खर्च 696. मार्जिन 366 लाख, 34.5 टक्के.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. टाइम अँड मटेरियलला चिकटून बसायची सक्ती कोणी केली आहे? हेच काम ठराविक किमतीत घ्या आणि ग्राहकाला 15 टक्के सूट द्या. बिल 1,224 लाख, खर्च 696, मार्जिन 528 लाख, 43 टक्के. ग्राहक खूश आणि कंपनीचं टक्केवारीतलं मार्जिनही वाढलं.

शिवाय हा उद्योग बुडणार असं याआधीही अनेकदा म्हटलं गेलं. वाय-टू-के (सन 2000 साठी संगणकांतल्या तारखा दुरुस्त करायचं काम) संपलं तेव्हा, इंटरनेट कंपन्यांचा डॉटकॉम फुगा फुटला तेव्हा, क्लाउड आल्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्यांचं काम जाईल म्हणून. दर वेळी काम स्वस्त झालं आणि त्यामुळे जास्त मागवलं गेलं. जगभरातल्या बँका आणि विमा कंपन्यांत आजही कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेवर चाललेल्या प्रणाली आहेत. त्या बदलायचा खर्च परवडत नव्हता म्हणून तशाच पडून राहिल्या. तो खर्च अर्धा झाला की हेच काम बाहेर पडेल.

हिशेबनीस

रेट कार्डचा आक्षेप मान्य. पण तुमचंच रेट कार्ड घेऊन कुठल्या ग्रेडवर किती मिळतं ते काढा. ज्युनियर 27 लाखांचं बिल देतो, खर्च 12, उरतात 15. मधल्यावर उरतात 17. सीनियर 63 चं बिल देतो, खर्च 60, उरतात फक्त 3. म्हणजे 576 लाखांपैकी 360 लाख, 62.5 टक्के मार्जिन, तळाच्या 24 जणांकडून येतं. पिरॅमिडचा तळ रुंद ठेवणं म्हणजेच या उद्योगाचा नफा. फ्रेशरचा पगार वर्षानुवर्षं साडेतीन लाखांच्या आसपास का थांबला, याचं उत्तरही यातच आहे.

आणि 15 टक्के सूट पहिल्या वर्षीच चालते. ग्राहकाच्या खरेदी विभागात सल्लागार बसलेले असतात, एआयमुळे किती तास वाचले ते त्यांनाही कळतं. नूतनीकरणात ते 30 टक्के मागणार. तेव्हा बिल 1,008, मार्जिन 312, म्हणजे 31 टक्के. त्यातून एजंट (आपणहून काम करणारं एआय साधन) चालवायचा टोकनांचा, म्हणजे एआय वापराचा, खर्च वजा करा, तो ठराविक किमतीत आपल्याच माथी येतो.

जुन्या संकटांशी तुलनाही पटत नाही. वाय-टू-के असो वा क्लाउड, विकायचं एकक तेच राहिलं होतं: माणूस-तास. काम बदललं, मोजमाप बदललं नाही. या वेळी मोजमापच जातंय.

करपेटी

तुमच्या दोघांच्या कोष्टकात अमेरिकी कायदा कुठेच नाही, आणि निर्यातीचा मोठा वाटा तिकडेच जातो.

एच-वन-बी या अमेरिकी नोकरी-व्हिसाच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर 2025 मध्ये 1 लाख डॉलर शुल्क लागलं. त्याची बातमी खूप झाली, पण मोठ्या कंपन्यांनी तिथे स्थानिक भरती आधीच वाढवली होती. इन्फोसिसने अमेरिकेत 10,000 जण घेण्याची घोषणा 2017 सालीच केली होती. खरा फटका लहान कंपन्यांना, ज्यांचा धंदाच माणूस तिकडे पाठवण्यावर आहे.

माझ्या मते जास्त खोल परिणाम अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम 174 चा आहे. 2022 पासून अमेरिकी कंपनीला संशोधन-विकासाचा खर्च एका वर्षात वजा करता येईना: देशातला खर्च 5 वर्षांत, परदेशातला 15 वर्षांत. सॉफ्टवेअर विकसित करणंही यात धरलं जातं. जुलै 2025 च्या कायद्याने देशातला खर्च पुन्हा त्याच वर्षी वजा करायची मुभा दिली. परदेशातला 15 वर्षांवरच ठेवला.

समजा एका कंपनीने पुण्यातल्या केंद्रावर 150 लाख डॉलर विकासासाठी खर्च केले. पहिल्या वर्षी अर्ध्या वर्षाचाच हिशेब धरतात, म्हणजे एक-तीसांश, 5 लाख डॉलर. 21 टक्के कराने वाचले 1 लाख 5 हजार. तेच काम टेक्सासमध्ये केलं असतं तर पूर्ण 150 लाख वजा होऊन साडेएकतीस लाख डॉलर वाचले असते. पैसा कायमचा जात नाही, पुढच्या वर्षांत वजा होत राहतो. पण पहिल्या वर्षी रोकड तीस लाखांनी कमी पडते आणि ताळेबंद सांभाळणाऱ्याला तेच दिसतं.

एक बारकावा लक्षात ठेवा. चालू प्रणालीची देखभाल आणि दोष-दुरुस्ती यात येत नाही. नवी सुविधा जोडणं किंवा अपग्रेड येतं. कामाच्या करारपत्रात सगळं ‘डेव्हलपमेंट’ या एका मथळ्याखाली लिहिलं तर ग्राहकाचा कर सल्लागार पूर्ण रक्कम 15 वर्षांत टाकेल. कामं वेगळी लिहा, टाइमशीटमध्ये कोडही वेगळे ठेवा. शिवाय विकासाची जोखीम आणि निर्मितीचे हक्क कोणाकडे, हे कलम वकिलाला वाचायला द्या. खर्च कोणाच्या वहीत जाणार हे त्यावर ठरतं.

मगरपट्टा

सेवा कंपन्यांवरच सगळा जीव का अडकलाय? ग्लोबल कॅपेबिलिटी सेंटर्सकडे, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या इथल्या स्वतःच्या केंद्रांकडे बघा. नॅसकॉम आणि झिनोव्ह या सल्लागार कंपनीच्या अहवालाप्रमाणे 2023-24 मध्ये देशात 1,700 हून जास्त केंद्रं, 19 लाख माणसं आणि 64.6 अब्ज डॉलर उलाढाल. पगार सेवा कंपन्यांपेक्षा चांगले, काम खोलीचं आणि ग्राहकाशी दराची घासाघीस नाही. बँकांचं जोखीम-गणित, गाड्यांचं सॉफ्टवेअर, चिप डिझाइन हे सगळं इथे होतंय. पुढची वाढ इथूनच येणार.

हिशेबनीस

@मगरपट्टा, पगार चांगले आहेत, नाकारत नाही. पण त्या 64.6 अब्जांचा अर्थ नीट बघू. ही केंद्रं बाजारात काही विकत नाहीत. इथला खर्च अधिक ठराविक टक्के मार्कअप, एवढं बिल मूळ कंपनीला पाठवतात. ट्रान्सफर प्रायसिंगचे (एकाच समूहातल्या कंपन्यांनी एकमेकींना लावायच्या किमतीचे) नियम त्यासाठीच आहेत. म्हणजे ‘उलाढाल’ हा मुख्यतः पगाराचा आणि भाड्याचा आकडा आहे. मूळ कंपनीने 10 टक्के माणसं कमी केली की उलाढालही साधारण तेवढीच खाली. निर्मितीचे हक्क तिकडे, मोठा नफा तिकडे.

दुसरं, ही केंद्रं चार-आठ वर्षं अनुभव असलेली माणसं उचलतात. त्यांना तयार कोणी केलं? सेवा कंपन्यांच्या तळाने. तो तळ आटला की पाच वर्षांनी तुमच्याकडे घ्यायला कोण असेल?

मुक्तस्रोत

इथे सगळे भाड्याने राबण्याच्याच तऱ्हा मोजतायत. स्वतःचं उत्पादन हा शब्द अजून धाग्यावर आला नाही. झोहो ही सॉफ्टवेअर कंपनी 1996 पासून बाहेरचं भांडवल न घेता उभी आहे आणि तिचं मोठं काम तमिळनाडूतल्या तेनकासीसारख्या छोट्या ठिकाणाहून चालतं. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर दुकानादुकानात आहे. फिनॅकल हे बँकिंग उत्पादन इन्फोसिस या सेवा कंपनीच्याच पोटात जन्मलं. यूपीआय 2016 मध्ये सुरू झालं आणि आज भाजीवाल्याच्या गाडीवर आहे. क्षमता आहे हे सिद्ध झालंय.

अडतं ते पहिल्या ग्राहकापाशी, आणि तो ग्राहक सरकार असायला हवा. पण निविदेत काय होतं? मागच्या तीन वर्षांची उलाढाल, तसंच काम आधी केल्याचा दाखला, अनामत रक्कम. स्टार्टअपना यातून सूट द्यायची तरतूद आहे, पण निविदेचा मसुदा करणारा ती बहुतेकदा घालत नाही. मग सर्वांत कमी दराला काम. मग स्वीकृती चाचणीवर सही होईना, कारण अधिकाऱ्याची बदली झाली. तोवर बिल फाडलेलं असतं, आणि पैसे येवोत न येवोत, 18 टक्के जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरावाच लागतो. लघुउद्योगांना 45 दिवसांत पैसे द्या नाहीतर पैसे देईपर्यंत खर्चाची वजावट नाही, असा आयकराचा नियम 43-बी-एच आला. पण सरकारी खात्याला आयकराची वजावट घ्यायचीच नसते, त्यामुळे त्याला काही फरक पडत नाही.

माझी मागणी एकच: बिल स्वीकृतीवर नको, टप्प्यांवर ठेवा. स्थापना 30 टक्के, तपासणीसाठी सुपूर्द केल्यावर 40, आणि 15 कामकाजाच्या दिवसांत लेखी दोष कळवला नाही तर स्वीकृती झाली असं धरा. हे कलम असेल तर वीस जणांची कंपनी तगते.

बावधनकर

मुक्तस्रोत, ‘स्वीकृती झाली असं धरा’ हे कलम खाजगी करारांत नेहमीचं आहे, सरकारीत यायला हवंच. पण उत्पादन कंपन्या या उद्योगातल्या सुमारे 58 लाख माणसांना काम देऊ शकत नाहीत. उत्पादनाचा गुणच हा की थोड्या माणसांत जास्त विक्री. आणि प्रति-युजर वर्गणीवर चालणारी सॉफ्टवेअरंही त्याच संकटात आहेत: ग्राहकाची माणसं कमी झाली की वर्गण्या कमी.

हिशेबनीस, तळ आटला तर मधला थर कुठून येणार, हा तुमचा प्रश्न मला रास्त वाटतो. तुमच्या बाकीच्या निष्कर्षांशी मात्र अजूनही सहमत नाही.

शिकवणी

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या बाजूने लिहिते.

आजवर फ्रेशरला पहिली दोन वर्षं जी कामं मिळत ती अशी: टेस्ट केस लिहिणं, पहिल्या पातळीची तिकिटं (वापरणाऱ्यांच्या तक्रारी) बंद करणं, अहवालाचा रकाना बदलणं, छोटे दोष काढणं. पगार कमी, पण याच कामांतून मोठी प्रणाली कशी मोडते हे कळायचं. नेमकी हीच कामं एजंट करतोय. म्हणजे ती शिकवणी आता महाविद्यालयात व्हायला हवी, आणि आपला प्रकल्प-वर्षाचा साचा त्याला अगदी निरुपयोगी आहे. चार मुलं कोऱ्या पानावरून हजेरीचं ॲप बनवतात, सादरीकरण होतं, गुण मिळतात, कोड पुन्हा कोणी उघडत नाही.

त्याऐवजी एका सत्रात हे करता येतं. पन्नास-साठ हजार ओळींचा चालू मुक्तस्रोत (ओपन सोर्स) प्रकल्प घ्या. पहिले तीन आठवडे फक्त वाचन. प्रत्येकाने एका विनंतीचा प्रवास डेटाबेसपर्यंत कागदावर काढायचा. पुढचे तीन आठवडे, कोडला हात न लावता, नसलेल्या टेस्ट लिहायच्या. मग एजंटकडून दोष-दुरुस्ती करून घ्यायची आणि मुलांनी ती नाकारायची किंवा स्वीकारायची, लेखी कारणासह. गुण त्या कारणाला. इथे हमखास एक गोष्ट घडते: एजंट दोष काढायऐवजी टेस्टच बदलतो किंवा अपवाद (चूक झाल्याची सूचना) गिळून टाकतो, आणि सगळ्या टेस्ट पास झाल्यासारखं हिरवं दिसतं. ते ओळखता येणं हीच आता नोकरीची पात्रता आहे. शेवटचे आठवडे लॉग (प्रणालीने ठेवलेल्या नोंदी) वाचून बिघाड शोधायला.

अडचण मशीनची नाही, शिक्षकांची आहे. असा कोड तपासू शकणारे प्राध्यापक कमी आहेत आणि बाहेरचा तज्ज्ञ तासिका तत्त्वावरच्या मानधनात येत नाही. दुसरा मार्ग शिकाऊ उमेदवारीचा. पदवीधरांसाठीच्या राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेत (एनएटीएस) किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग केंद्र सरकार देतं. एवढं असून कंपन्या शिकाऊ उमेदवारांना खऱ्या ग्राहकाच्या कामावर बसवत नाहीत, कारण ग्राहकाचा करार नाव नोंदवलेल्या, तपासणी झालेल्या कर्मचाऱ्यांनाच प्रवेश देतो.

हिशेबनीस

शिकवणी, शेवटची अडचण करारातच सुटू शकते. ठराविक किमतीच्या करारात माणसांची नावं ग्राहकाने मागायचं कारण उरत नाही. त्याला निकाल हवा असतो. तिथे मुख्य करारात दोन ओळी घाला: टीमच्या दहा टक्क्यांपर्यंत शिकाऊ उमेदवार, पार्श्वभूमी तपासणी कर्मचाऱ्यासारखीच, प्रॉडक्शन (ग्राहकाच्या खऱ्या) डेटाला प्रवेश नाही, बनावट डेटा असलेल्या टेस्ट वातावरणातच काम, आणि त्यांचे तास बिलात शून्य. तपासनिसालाही यात बोट ठेवायला जागा राहत नाही.

खर्च किती? माझ्या कोष्टकात 26 जणांमागे दोन-तीन शिकाऊ येतात. माणशी वार्षिक 5 लाख धरले तरी 15 लाख. बावधनकरांच्या 528 लाखांच्या मार्जिनमधून हे तीन टक्केही नाहीत. बावधनकर, तुमचा ठराविक किमतीचा मुद्दा मी या अटीवर मान्य करतो. पहिल्या वर्षीच्या त्या 43 टक्क्यांतून हे 15 लाख बाजूला काढायला कोणती कंपनी तयार आहे, ते मात्र तुम्ही सांगा.

बावधनकर

आपणहून कोणी काढणार नाही, कारण तिमाही निकालात मार्जिनचा पाव टक्कासुद्धा विश्लेषक विचारतात. पण ग्राहकालाही पाच वर्षांनी त्याची प्रणाली समजणारी माणसं हवीच आहेत. म्हणून हा खर्च सूट-वाटाघाटीत टाका: 15 टक्क्यांऐवजी 14 टक्के सूट, आणि तो एक टक्का शिकाऊ उमेदवारांच्या नावाने करारातच लिहिलेला. 1,440 लाखांवर ते 14 लाख 40 हजार होतात.