पंडितंमन्य, पढतमूर्ख आणि ‘लई शाना’

लातूरहून विचारणा : ‘स्वयंघोषित तज्ज्ञ’ हा जोडशब्द हल्ली रोज वाचायला मिळतो. त्यासाठी मराठीत एकच नेमका शब्द आहे का? ‘पढतमूर्ख’ चालेल का? एका ठिकाणी ‘स्वयंभू तज्ज्ञ’ असंही वाचलं, ते बरोबर आहे का?

परभणीहून उत्तर : सर, नेमका शब्द आहे पंडितंमन्य. स्वतःला पंडित मानणारा तो पंडितंमन्य. पाणिनीच्या ‘आत्ममाने खश्च’ या सूत्रानं तो सिद्ध होतो. आत्ममान म्हणजे स्वतःबद्दल स्वतःच करून घेतलेली समजूत. शब्दातला अनुस्वार या सूत्रानं लागणाऱ्या ‘खश्’ प्रत्ययामुळेच येतो, म्हणून तो गाळून ‘पंडितमन्य’ लिहू नये. ‘पंडितमान्य’ तर मुळीच नको! पंडितमान्य म्हणजे पंडितांना मान्य असलेलं. एका कान्यानं अर्थ पार उलटा होतो. ‘शूरंमन्य’ हा शब्दही याच घडणीचा.

शब्द जड वाटेल, पण त्याची फोड आपल्याकडे शेताच्या बांधावर रोज होते : “सोताला लई शाना समजायलाय.” इथं सगळा भार ‘समजायलाय’वर आहे. पंडितंमन्यातलं ‘मन्य’ ते हेच. म्हणून हा शब्द पोथीतला म्हणून बाजूला ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

‘पढतमूर्ख’ इथं बसत नाही. हा शब्द दासबोधामुळे घरोघरी पोचला. दुसऱ्या दशकातला दहावा समास सगळा त्याच्या लक्षणांचा आहे. समर्थांचा जन्म १६०८ चा, आपल्याच जालना जिल्ह्यातल्या जांबेचा, तेव्हा हा शब्द तरी आपण जपून वापरावा. पढतमूर्खानं खरोखर पुष्कळ वाचलेलं असतं, बोलतोही चांगलं; त्याचा दोष वागण्यात आहे. कपाशीवर गुलाबी बोंडअळी दिसली की डब्यावरची सूचनाही न वाचता “ही दोन औषधं एकत्र मारा” असं पारावरून सांगणारा माणूस पढतमूर्ख नव्हे. त्यानं काही पढलेलंच नाही. तो पंडितंमन्य. आणि त्याच्या सल्ल्यानं पीक जातं, फवारणाऱ्याला विषबाधाही होऊ शकते, म्हणून शब्द सौम्य करू नये.

‘उंटावरचा शहाणा’ जवळचा आहे, पण त्याचा दोष वेगळा. गोष्टीत वासराचं तोंड रांजणात अडकतं. हा उंटावरून उतरत नाही, म्हणून त्याच्यासाठी भिंत पाडावी लागते, मग तो मान कापायला लावतो आणि शेवटी रांजणही फोडायला लावतो. प्रश्नाजवळ न जाता उपाय सांगणारा, एवढाच त्याचा अर्थ. असा माणूस पदवीधर अधिकारीही असू शकतो. ‘दीडशहाणा’ बोलण्यात चालतो, लेखात उथळ वाटतो.

‘स्वयंभू तज्ज्ञ’ चूक. स्वयंभू म्हणजे आपोआप प्रकटलेलं, कुणी न घडवलेलं. औंढा, परळी, वेरूळ इथल्या लिंगांना भाविक ज्या श्रद्धेनं स्वयंभू म्हणतात, तो गौरवाचा शब्द आहे. कुणाकडे न शिकता खरंच निपुण झालेल्याला तो शोभेल.

अंबाजोगाईहून भर : मग बोअरची जागा दाखवणाऱ्या पाणाड्याला पंडितंमन्य म्हणायचं का?

परभणीहून उत्तर : नाही, ताई. त्याच्या नारळाला किंवा काठीला शास्त्राचा आधार नाही, हे खरं. भूजलाच्या जाणकाराला विचारावं, असंच मी सांगेन. पण पाणाड्याला लोक घरी येऊन बोलावतात; त्याचा मान गावानं दिलेला असतो, चुकीचा का असेना. पंडितंमन्याचा मान त्यानं स्वतःच घेतलेला असतो. याच्या उलट टोकाला आपला ‘जाणता’ हा शब्द आहे, तोही गावच देतं.

वाक्यात असा वापरता येईल : “पंडितंमन्य सल्लागारांचं ऐकून फवारणी करू नका, कृषी विद्यापीठात विचारा.” स्त्रीलिंगी रूप पंडितंमन्या. आणि ‘तज्ज्ञ’मध्ये ‘ज्’ हवाच, तत् + ज्ञ असा तो संधी आहे. ‘तज्ञ’ लिहू नये.